काटा नसेल तर दाणा कशाला?



महिनाभरात माझ्या मोबाईलवर एकाच चालीचे सात-आठ व्हिडिओ आले. कोणी पश्चिम महाराष्ट्रातला, कोणी राजस्थानातला. पत्र्याचं शेड, खाली लाकडी फळ्यांचा माचा, गव्हाणीवर रांगेनं उभी गुबगुबीत कोकरं, आणि एक पोरगा सांगून राहिला, "रोज अर्धा किलो मका टाका, तीन महिन्यात तीस किलोचा माल तयार." ते पाहून आपल्या मूल, सावली, चामोर्शीकडची पोरं मक्याचं पोतं आणायला निघाली. दोघं-तिघं माझ्याकडं विचारायलाही आले. त्यांना जे तोंडी सांगितलं तेच इथं लिहितो, म्हणजे दर वेळेला घसा कोरडा करावा लागणार नाही.

माझं म्हणणं पहिलेच सांगून टाकतो. दाण्याला माझा विरोध नाही. पण जोवर आपला बकरा बाजारात नगावर विकला जातो, तोवर त्याला विकतचा दाणा चारणं म्हणजे व्यापाऱ्याचा बकरा आपल्या पैशानं पोसणं आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खालचा हिशेब खोडून दाखवावा. पशुधन विकास अधिकारी, कृषी सहायक, विद्यापीठातले साहेब, सगळ्यांनाच म्हणतो.

एक खुलासा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मेंढ्या मुख्यतः कुरमार बांधवांकडं, बाकी घरोघरी बकऱ्या. खाली मी बकरी म्हणेन तिथं मेंढीही समजा. कोकरू असो की बोकडाचं पिल्लू, दाण्याच्या बाबतीत दोघांचं पोट सारखंच चालते.

आता हिशेब. दूध तुटलेलं तीन महिन्यांचं पिल्लू घ्या. दिवसभर रानात चरून येते, संध्याकाळी त्याला २५० ग्रॅम दाण्याचं मिश्रण. ९० दिवसांत साडेबावीस किलो झाले. मक्याची आधारभूत किंमत केंद्रानं २०२५-२६ साठी २,४०० रुपये क्विंटल ठेवली होती, इथेनॉलचे कारखाने आता मक्याचे मोठे गिऱ्हाईक झाले आहेत, आणि गावात किरकोळीनं घ्याल तर दर आणखी चढा. त्यात ढेप मिसळली की मिश्रण २८ रुपये किलोच्या खाली पडत नाही असं धरा. ६३० रुपये. खनिज मिश्रण, मीठ, लस, जंताचं औषध धरून ७०० रुपये लावू. घरच्याची मेहनत मी धरत नाही, आपण ती कधीच धरत नाही.

नुसत्या चराईवरच्या भावापेक्षा हे पिल्लू रोज ४० ग्रॅम जास्त वाढलं असं समजू. व्हिडिओतला पोरगा याच्या तिप्पट सांगेल, पण आपली बकरी लहान चणीची, तिच्याकडून चाळीस म्हणजे चांगले. ९० दिवसांत ३ किलो ६०० ग्रॅम. जिवंत वजनाला ३५० रुपये किलो दर समजा. १,२६० रुपये. सातशे गेले, ५६० राहिले. वीस पिल्लांमागे अकरा हजारांच्या वर. वाईट नाही. मीही म्हणेन, चारा.

पण ही बेरीज काट्यावरची आहे. आपल्या हप्त्याच्या बाजारात काटा कुठं आहे जी? तिथं व्यापारी येतो, बकऱ्याच्या कमरेवर हात ठेवतो, मागून दोन्ही पाय उचलून पाहतो, दात पाहतो, अन् रुमालाखाली बोटं धरून किंवा कानात आकडा सांगतो. तो आकडा नगाचा. खाऊन-पिऊन चमकदार झालेल्या बकऱ्याला तो दोन-तीनशे जास्त देईल. म्हणजे तुम्ही सातशे घातले, तीनशे आले, चारशे गेले. वीस पिल्लांमागे आठ हजार रुपये तुम्ही त्याच्या खिशात घातले. तो मात्र तोच बकरा पुढं नागपूर किंवा हैदराबादच्या वाटेला लावते, आणि शेवटी कसायाच्या दुकानात मटण किलोवरच विकलं जाते. साखळीच्या या टोकाला नग अन् त्या टोकाला किलो. मधला फरक कोणाकडं राहतो हे सांगायला दहावी पासही असायची गरज नाही.

वरचा हिशेब उलटा करून पाहा. सातशे रुपये भागिले साडेतीनशे, म्हणजे दोन किलो. दाण्याचा खर्च निघायला दोन किलो वजन जास्त भरलं अन् त्याचे पैसे मिळाले की झालं. सगळा खेळ त्या दोन किलोचा आहे. आणि व्यापाऱ्याची नजर दोन किलोनं चुकते, अन् ती चूक आजवर कधी आपल्या बाजूनं झालेली मी पाहिली नाही.

हे मी हवेत बोलत नाही. मागच्या साली माझ्याकडं आठ बोकडं सारख्या उमरीची होती. चार दाण्यावर घातली, चार नुसती चराईवर ठेवली. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी, पोटाखालून गोणपाटाची झोळी घालून लटकत्या काट्यावर तोलली अन् वहीत लिहिली. तीन महिन्यांनी दाण्यावरची चारही बोकडं दुसऱ्या चारांपेक्षा सरासरी साडेतीन किलो जड होती. वही घेऊनच बाजारात गेलो. व्यापाऱ्याला म्हटलं, याचं वजन इतकं, त्याचं इतकं. तो हसला. "भाऊ, वही ठेवा घरी. किलो-फिलो नोको सांगू, नगावर बोला. आमी का काटा घेऊन फिरतो का?" शेवटी आठांचा मिळून एकच दर ठोकायला निघाला, दाण्याचे चार अन् बिनदाण्याचे चार एकाच मापात. मी चार माघारी आणले अन् घरूनच, गावातल्या लग्नघरवाल्यांना, काट्यावर विकले. तेव्हा कुठं दाण्याचे पैसे हाती आले. तोच बकरा, तोच दाणा. फरक नुसत्या काट्याचा.

मंडळी, अमेरिकेत कोकरांना शेवटचे काही महिने मका चारतात, तिथं ती रीतच आहे. पण तिथला शेतकरी वजनावर अन् प्रतीवर पैसे घेतो, म्हणून त्याला मका परवडते. न्यूझीलंडवाले जगभर कोकराचं मांस पाठवतात, अन् त्यांची कोकरं बहुतेक सारी गवतावरच वाढतात, कारण गवत त्यांचं स्वस्त आहे. दोघांनीही आधी आपला बाजार अन् आपला चारा पाहिला, मग पद्धत ठरवली. आपण पद्धत आधी आणतो, अन् बाजार जसा होता तसाच.

आता पोटातली गोष्ट. हे व्हिडिओत कोणी सांगत नाही, अन् यात बकऱ्या मरतात.

बकरीचं पोट म्हणजे एक आंबवणाचं मडकं आहे. त्यात कोट्यवधी जिवाणू पाला-गवत कुजवून तिच्या कामाचं करतात. पाल्यावर राहणाऱ्या बकरीसमोर एकाएकी दाणा आला, त्यातही बारीक दळलेला दाणा, तर पिठूळ खाऊन आम्ल करणारे जिवाणू सपाट्यानं वाढतात. पोटात आम्ल होते, कुजवणारे जिवाणू मरतात, रवंथ बंद पडते, बकरी दात खाते, पातळ हगते, आडवी होते. लग्नसराईत दरवर्षी आपल्या गावांत हे घडते. मांडवामागं फेकलेला उष्टा भात बकऱ्या खातात, अन् दुसऱ्या दिवशी कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते विष घातलं. भातानंच मेली ती. मोहफुलाच्या दिवसांतही मोकळ्या सुटलेल्या बकऱ्या पहाटे झाडाखाली पोटभर फुलं खाऊन लडखडतात. फुलात साखर असते, तिचाही तोच परिणाम. थोडी सुकवून, मूठभर मिश्रणात दिली तर मोहफूल चांगलं खाद्य आहे, पण टोपलीभर नाही.

दुसरा रोग आंत्रविषार. पोटात नेहमीच असणारा एक जिवाणू दाणा-कोवळं गवत जास्त झालं की फोफावतो अन् विष सोडतो. यात गंमत अशी की कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट, सगळ्यात जास्त दाणा हाणणारं पिल्लू पहिलं जाते. रात्री ठणठणीत, सकाळी मेलेलं. औषधाला वेळच मिळत नाही, लसच पाहिजे. पावसाळ्याच्या आधी एकदा अन् दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. पहिल्या वेळेस दोन्ही टोचल्याशिवाय पूर्ण ताकद येत नाही, अन् आपले लोक दुसरी टोचतच नाहीत. ही लस आपल्या राज्यातच, पुण्याला औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. दवाखान्यात विचारा, मागणी लावा. लस नसेल तर दाण्याची गोष्टच काढू नका.

तिसरा मुतखडा, अन् हा आपल्या धानपट्ट्याचा खास. आपल्याकडं मका विकत, पण कोंडा घरचा. म्हणून लोक बोकडाला कोंड्यावर ठेवतात. तांदळाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर अन् चुना नावालाच. चुना फॉस्फरसच्या दुप्पट पाहिजे, इथं उलटंच होते. त्यातून लघवीत खडे धरतात. बकरीला फार त्रास होत नाही, बोकडाचा लघवीचा मार्ग बारीक अन् वाकडा, तिथं खडा अडकतो. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाचा तर आणखीच बारीक राहतो. तो पाठ ताणून उभा राहतो, थेंब-थेंब मुततो, ओरडतो, पोट फुगते. लोक समजतात पोट दुखते, ओवा पाजतात. तो मूत्राशय फुटून मरतो. इलाज सोपा आहे, आधी केला तर. कोंडा दाण्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. शंभर किलो मिश्रणात एक-दीड किलो चुनखडीची भुकटी, म्हणजे कोंबडीच्या खाद्यात घालतात ती, पानाचा चुना नाही. मीठ, अन् पोटभर स्वच्छ पाणी. खच्ची चार-पाच महिन्यांच्या आत करू नका.

कोंड्याबद्दल आणखी एक. गावातल्या जुन्या हलरचा कोंडा अन् मोठ्या मिलचा कोंडा एक नाही. हलरच्या कोंड्यात भुसाच अर्धा असतो, खाऊन पोट भरते, अंग भरत नाही. पोतं स्वस्त मिळालं म्हणून खुश होऊ नका, मुठीत घेऊन फुंकर मारून पाहा, उडते किती ते.

आणि नुसत्या मक्याचं काय? मक्यात ताकद आहे, पण प्रथिनं शेकडा नऊच्या आसपास. धानाच्या तणसात तर तीन-चारच. वाढत्या पिल्लाच्या एकूण खाण्यात चौदा-पंधरा तरी पाहिजे. म्हणजे मका अन् तणीस यावर पिल्लू ठेवलं तर पोट सुटलेलं, मागून सुकलेलं जनावर तयार होते. व्हिडिओतल्या शेडमध्ये बाजूला लसूणघास असतो, मेथीघास असतो, तो कॅमेऱ्यात येत नाही. आपल्या बांधीत उन्हाळ्यात काय असते? ढेकळं.

पण आपल्याकडं जे आहे ते त्यांच्याकडं नाही. धान कापायच्या आधी बांधीत फेकलेली उतेऱ्याची लाखोळी अन् जवस. लाखोळीच्या दाण्यात पाव हिस्सा प्रथिनं, तिचा भुसाही तणसाच्या कितीतरी वरचा. जवसाची ढेप तर जुन्या लोकांनी बैलासाठी जपून ठेवलेली वस्तू. लाखोळीच्या दाण्यात तो पांगळेपणाचा विषारी अंश असतो, म्हणून तिच्या विक्रीवर बंदी होती, महाराष्ट्रानं ती २००८ मध्ये उठवली. जनावरालाही ती एकटी, पोटभर देऊ नये, मिश्रणात पाचवा हिस्सा पुरे. तुरीची चुनी आहे. धुऱ्यावर सुबाभूळ, शेवगा लावता येते. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा, नाही तर केस झडतात. रानात बोर, पळस, अंजन, बाभळीच्या शेंगा आहेतच. मक्याच्या पोत्याआधी हे सगळं मोजा.

चारायचाच असेल तर दाणा पिठासारखा दळू नका. बकरी-मेंढी मका अख्खी चावून खाते, गाई-म्हशीसारखी शेणात वाया घालवत नाही. अख्खा किंवा जाड भरडा पोटात हळूहळू सुटते, आम्ल कमी होते. दळणाचे पैसेही वाचतात. सुरुवात पन्नास ग्रॅमनं, अन् दोन आठवड्यांत अडीचशेवर. दाणा देण्याआधी पोटात पाला-चारा गेलेला पाहिजे. सगळ्यांना सारखी गव्हाण, नाही तर एक दांडगा दोघांचा खातो अन् मरतो.

दाणा कोणाला द्यायचा, यातही आपली रीत उलटी आहे. दोन ते सहा महिन्यांचं पिल्लू दाण्याचं मांस करते, दोन वर्षांचा बोकड दाण्याची चरबी करतो. पंधरा-वीस दिवसांच्या पिल्लाला आईपासून वेगळ्या खुराड्यात चिमूटभर भरडा मिळू लागला तर त्याचं पोट लवकर तयार होते, पुढं पालाही चांगला पचते. पण गावात पिल्लाला कोणी दाणा देत नाही. ते आईचं दूध अन् आपलं नशीब यावर. अन् बकरी ईद आली की मोठ्या बोकडाला ज्वारी, हरभरा, गूळ. ईदचं गिऱ्हाईक देखणेपणाला पैसे मोजते, तिथं चार-दोन जणांचं साधते हे मान्य. पण तो वर्षातला एक बाजार, एखाद-दुसऱ्या नगाचा. त्यावरून वीस पिल्लांचं शेड उभं करता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. आमच्या गावातले जुने माणसं म्हणतात, "बकरीले कायले दाणा? जंगल फुकट हाय." त्यांच्याशीही माझं भांडण आहे. जंगल फुकट नाही बाप्पा. बकऱ्यांमागं दिवसभर एक माणूस लागते, अन् तो माणूस आता मिळत नाही. सिंदेवाही, सावली, मूल, ब्रह्मपुरीकडं वाघानं गुराख्यांना मारल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत, काही घरांनी तर वाचायच्या आधी भोगल्या. पोराला बकऱ्या राखायला पाठवायला मायचा जीव होत नाही. म्हणून कळप दुपारीच घरी येतो, अर्ध्या पोटानं. खरं पाहिलं तर दाण्याचं पोतं व्हिडिओनं आणलंच नाही, ते वाघानं अन् राखण्याच्या तुटवड्यानं आणलं. म्हणूनच मी पोरांना हसत नाही. त्यांची अडचण खरी आहे, उपाय तेवढा उसना आहे.

चराईचा हक्क कागदावर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराई हा सामूहिक हक्क म्हणून लिहिलेला आहे, एका जागी राहणाऱ्यांचाही अन् फिरत्या मेंढपाळांचाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. (गावाचं नावच मेंढा, आता यापेक्षा जास्त काय सांगू.) त्यानंतर गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभांना असे हक्क मिळाले. पण त्यातल्या किती ग्रामसभांनी बांबू-तेंदूच्या हिशेबासोबत चाऱ्याचा हिशेब बसवला? कोणता तुकडा यंदा बंद, कोणता मोकळा, बकऱ्यांचे पाच कळप एकत्र करून दोन धडधाकट माणसं राखणीला, त्यांचा पगार नगामागं वर्गणीतून. वनखात्याचं म्हणणं की बकरी नवीन रोपं खाते, ते खोटं नाही. दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या फुटव्यात बकरी सोडू नये. पण म्हणून सगळ्या जंगलाला कुलूप अन् बकरीला मक्याचं पोतं, हा कोणता न्याय?

योजनांचंही तेच. दहा शेळ्या एक बोकड, महामेष योजनेत वीस मेंढ्या एक नर, राष्ट्रीय पशुधन अभियानात तर शंभर शेळ्या पाच बोकडांपासून पाचशेपर्यंत, पन्नास टक्के अनुदानावर. जनावराला पैसे, शेडला पैसे, खाद्याला पैसे. बाजारात काट्याला एक रुपया मी कुठं पाहिला नाही. पाचशे शेळ्यांवाल्याकडं व्यापारी घरी येईल, वजन करून नेईल. पाच बकऱ्यावाली बाई बाजारात दोर धरून उभी राहील, तिला नगाचाच भाव. अन् आपल्या दोन जिल्ह्यांत पाच बकऱ्यावालीच जास्त आहे. पोराची फी, दवाखाना, खताची बॅग, जे अडेल तिथं ती एक बकरा काढते. गरजेत विकणाऱ्याला भाव सांगायची सोय नसते, निदान वजन सांगायची तरी असावी.

साहेबांना एक विनंती, रागावू नका. अविकानगरची मेंढी संशोधन संस्था, मथुरेजवळची बकरी संशोधन संस्था, यांनी दाण्यावर पिल्लं वाढवायचं मोठं काम केलं आहे, ते मी नाकारत नाही. पण तिथली जात वेगळी, हवा वेगळी, चारा वेगळा. आपली बेरारी विदर्भाची नोंदलेली जात आहे. सिंदेवाहीला कृषी विज्ञान केंद्र आहे, गडचिरोलीला सोनापूरला आहे, नागपुरात पशुविज्ञान विद्यापीठ आहे. एकदा बेरारीची पिल्लं घ्या, तणीस, लाखोळीचा भुसा, जवस ढेप, मोहफूल, कनकी यावर वाढवा, अन् शेवटी प्रयोगशाळेत नाही, आपल्या हप्त्याच्या बाजारात विका. वजन किती वाढलं त्यासोबत हाती किती आले ते छापा. नुसतं दिवसाला इतके ग्रॅम असं छापून आम्हाला काय कळणार? ग्रॅमचे रुपये होतात की नाही, आमचा प्रश्न तो आहे.

राहिला काटा कोणी लावायचा ते. बाजार ग्रामपंचायतीचा असेल तर ती जागेची पावती फाडते. पावती घेते तर काटा दे, एवढं ग्रामसभेत उभं राहून म्हणता येते. गडचिरोलीचा मोठा भाग अन् चंद्रपुरातला राजुरा, कोरपना, जिवतीकडचा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथं १९९६ च्या पेसा कायद्यानं गावबाजार चालवायचा अधिकारच ग्रामसभेकडं अन् पंचायतीकडं दिला आहे. दारूबंदी, तेंदू, बांबू यावर ठराव घेणाऱ्या ग्रामसभांना एका काट्याचा ठराव जड नाही.

व्यापारी म्हणतील, शेतकरी बदमाश, बाजाराच्या सकाळी बकऱ्याला मीठ चारून दोन-तीन लिटर पाणी पाजतो अन् पाण्याचे पैसे घेतो. खरं आहे, करतात काही जण. मग नियम करा. सकाळी अमुक वाजेच्या आत आलेल्या बकऱ्याचंच वजन, दोन तास बिनपाण्याचं उभं ठेवून. किंवा पोटातल्या भराईचे म्हणून ठरावीक टक्के वजा, सगळ्यांना सारखे. कापूस, धान विकताना ओल पाहून कटती होतेच ना? तशी इथंही होऊ द्या, पण आकड्यावर होऊ द्या. व्यापाऱ्याशी माझं वैर नाही. तो उन्हातान्हात गावोगाव फिरतो, गाडीत एखादा मरते ते नुकसान सोसतो, उधारीही देतो. त्यानं आपला नफा घ्यावा, माझ्या दाण्याचा घेऊ नये.

तोवर काय करायचं? ज्याच्याकडं काट्यावर घेणारं गिऱ्हाईक पक्कं आहे, लग्नघर, खानावळ, जवळचा कसाई, त्यानं शेवटचे साठ-नव्वद दिवस दाणा चारावा, लस टोचून, मोजून. ज्याला बाजारातच उभं राहायचं आहे त्यानं पैसे पाल्यावर, राखण्यावर अन् जंताच्या औषधावर घालावे, दाण्याला फक्त दूध तुटलेली पिल्लं अन् जुळी व्यालेली बकरी एवढीच धरावी. दोन्हीत कुठं बसतो हे कळायला घरी काटा पाहिजेच. लटकता काटा खताच्या दोन-तीन बॅगांच्या पैशात येतो.

आमच्या गावात बारा घरांनी वर्गणी काढली आहे. येत्या दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी सात वाजता सगळ्यांची पिल्लं तोलायची, आकडे एकाच वहीत लिहायचे, अन् उन्हाळ्यात विकायचे तेव्हा व्यापाऱ्याला गावात बोलवायचं, एकदम तीस-चाळीस नग, काट्यावर. येईल तर येईल, नाही तर दुसरा पाहू. काटा टांगायला आखरावरच्या चिंचेची फांदी ठरली आहे. दोर माझ्याकडं आहे.